डोंगर बघायला आलेली दर्यावरची माणसं

मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागले होते. धाराशिव जिल्ह्यात, ईट गावाच्या पलीकडे बालाघाटाच्या कुशीत आमचं गाव. तिथं पाणी म्हणजे विहिरीचं, ओढ्याचं, नाहीतर टँकरचं. आमच्या घरात शेळ्या होत्या, काळ्याभोर, लांब कानांच्या, आणि थोडी मेंढरं. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, या दोघांनी जन्मभर तेवढंच केलं. अशा घरातली मुलगी समुद्र राखायच्या कामाला लागली, याचं आमच्या भावकीला अजूनही हसू येतं.

मी ज्या संस्थेत काम करते, ती सरकारसाठी किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन लोकांचं म्हणणं टिपून घेते. समुद्राचा जास्तीत जास्त भाग संरक्षित करायचा, असं आता देशाचं धोरण आहे. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून तसं कबूल केलंय. ज्या पाण्यात मासे अंडी घालतात, जिथं प्रवाळ आहे, जिथं कासवं येतात, तिथं मासेमारीवर मर्यादा आणायची, म्हणजे बाकीच्या समुद्रातही मासा वाढेल, असा त्यामागचा विचार. विचार खरा आहे. मी तो कितीतरी गावांत, कितीतरी देवळांच्या मंडपांत बसून समजावून सांगितला आहे.

मी सांगते आहे ती गोष्ट अशाच एका मंडपात सुरू झाली. सिंधुदुर्गाच्या बाजूचं लहानसं गाव. किनाऱ्यावर माडांच्या खाली होड्या ओढून ठेवलेल्या. गावासमोर पाण्यात खडकांची एक रांग आहे, ओहोटीला तिची पाठ दिसते. तिला ते खडप म्हणतात. खडपापासून किनाऱ्यापर्यंतचा सगळा पट्टा राखीव करायचा प्रस्ताव होता. आमचे प्रमुख समुद्रजीवांचे अभ्यासक. त्यांनी नकाशा भिंतीला लावला आणि मी मराठीतून सांगायला लागले.

बायका डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्यातल्या एका साठीच्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. अंगानं सडसडीत, आवाज मात्र मंडपाच्या टोकापर्यंत जाणारा. नवरा वादळात गेल्यावर त्यांनी मासळी विकून घर चालवलं होतं आणि गावातल्या बायकांचा शब्द त्यांच्याकडं असायचा. पुढं मी त्यांना मावशी म्हणायला लागले, तेव्हा इथंही मावशीच म्हणते.

"गो बाय, तू खंयची?"

"धाराशिवची."

"थंय दर्या आसा?"

"नाही."

मंडपात हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. "मगे राखीव म्हणजे काय, ता तुका काय कळाचा?"

त्या दिवशी मी ठरवून काही बोलले नाही. ते आपोआप तोंडातून आलं. "राखीव म्हणजे काय ते मला कळतं मावशी. आमचा डोंगर राखीव झाला तेव्हा मी चौथीत होते. माझे वडील तिथं शेळ्या चारायचे."

हशा थांबला. आमच्या प्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. मी भलतंच काहीतरी उघडं केलं असं त्यांना वाटलं असावं.

मावशी पुढं सरकल्या. "तुजो बापूस आसा मां अजून?"

"आहेत."

"माका तेका भेटूक व्हया."

मला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलल्या. सभा संपली, आम्ही गाडीत बसलो. गाडीत प्रमुखांनी शांतपणे सांगितलं की आपण तिथं आपलं घर घेऊन जायचं नसतं. ते रागावले नव्हते. पण आठ-पंधरा दिवसांत मावशींचा फोन आला. "कधी येव सांग. माजो भाऊस पण येतलो."

त्यांचा धाकटा भाऊ तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. त्याचा प्रस्तावाला ठाम विरोध होता. तो येणार होता तो विरोधाला आणखी बळ घ्यायला, हे त्यानं मला फोनवरच सांगून टाकलं. मला ते बरं वाटलं. निदान लपवाछपवी नव्हती.

*

आमच्या डोंगराचं आधी सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला तो पसरलेला आहे. फार उंच नाही. कुसळी गवत, बोरी, बाभळी, मधेमधे काळा खडक. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात तो पार बोडका असायचा. शेळ्या होत्या, खव्याच्या भट्ट्यांना लाकूड जायचं, शिवाय चारपाच गावांची गुरं. डोंगर खचत चालला होता हे कुणीही नाकारलं नसतं. मग एका हिवाळ्यात पायथ्याला चर खणला गेला, चराच्या कडेनं तार आली, आणि पाटी लागली. गावात दवंडी झाली की आजपासून डोंगरावर चराई बंद.

आप्पा आणि तात्या त्या संध्याकाळी अंगणात बसून होते. आईनं विचारलं, "आता कुठं न्यायच्या?" दुसऱ्या दिवशी त्यांनी शेळ्या ओढ्याकाठानं नेल्या. ओढ्याकाठ संपला तेव्हा दुसऱ्यांच्या बांधांवरून. बांधांवरून भांडणं झाली. कळप कमी कमी होत गेला.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस न झालेला, कडब्याचा पत्ता नाही. तात्यांनी एका दुपारी शेळ्या चर ओलांडून वर घातल्या. त्यांना वाटलं, भर उन्हात कोण बघतंय. रखवालीवरच्या माणसांनी पाहिलं. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. कोंडवाडा म्हणजे नुसता दगडी गडगा, वर सावली नाही. सुटल्या तेव्हा गाभण शेळ्यांतल्या काही मेल्या होत्या. तात्या त्यांना खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. गाडीतून आणता आल्या असत्या, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तात्या आणि काकू ऊसतोडीला गेले. आमच्या घरातून कोयता घेऊन जाणारे ते पहिले. तिसऱ्या हंगामात तिकडं फडावरच त्यांना ताप भरला आणि ते गेले. आप्पा त्यांना आणायला गेले होते. परत आल्यावर ते कधी डोंगराकडं फिरकले नाहीत. शेजारच्या गावाला जायचं तर लांबच्या वाटेनं जायचे. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, डोंगर हळूहळू हिरवा होत गेला, पण आप्पांनी त्याचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. या कामाचं म्हणाल तर, जिथं दवंडीच्या आधी लोकांना विचारतात, असं काहीतरी असतं हे ऐकलं आणि मी अर्ज केला.

*

मावशी आणि त्यांचा भाऊ माघात आले. कोल्हापूर, सोलापूर, बार्शी असं करत एसटीनं भूमला उतरले, तिथून मी त्यांना जीपमधून आणलं. वाटेत मावशी खिडकीला तोंड लावून बसल्या होत्या. ज्वारी काढणीला आली होती. मधे माळच माळ.

"पाणी खंय?" त्यांनी विचारलं.

"खाली आहे. विहिरीत."

"दिसणा नाय तर माणसाक धीर कसो येतलो?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आईनं दोघांचं चांगलं केलं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. भाषेची अडचण तिला एकदाही आली नाही. मावशी मालवणीत बोलायच्या, आई आमच्या बोलीत, आणि दोघी एकमेकींना हो हो म्हणत होत्या. आप्पा मात्र गोठ्यात शेळ्यांपाशीच राहिले. जेवायला आले, खाली मान घालून जेवले. मी हळूच म्हणाले, "आप्पा, हे डोंगर बघायला आलेत. तुम्ही दाखवाल?"

"इथनंच दिसतोय की डोंगर. बगा म्हणावं."

"तुमच्याकडनं ऐकायचंय त्यांना."

"म्या काय सांगू? झालं गेलं." ते हात धुवून उठून गेले.

तांडेल मला म्हणाला, "जाव दे. माणसाच्या तोंडारसून कळता." त्याला हवं ते मिळालं होतं. आपण यांना उगाच इतक्या लांब आणलं असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ईटचा बाजार होता. आई निघाली तशा मावशी तिच्याबरोबर निघाल्या, आणि मीही. आप्पांना दोर घ्यायचा होता म्हणून तेही आले, पण चार पावलं पुढं. बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की सुक्या मासळीचं दुकान लागतं. गोणपाटावर ढीग, सुकट, बोंबील, आणि एका बाजूला छोटे छोटे वाळवलेले मासे. आमच्याकडं थंडीत ते घरोघर आणतात. आई नेहमीप्रमाणं वाकली.

मावशींनी तिच्या आधी हात घातला. मूठभर मासे उचलले, तळहातावर पसरले आणि तिथंच उभ्या राहिल्या. चेहरा बदलला.

"ही बांगड्याची पिल्लां," त्या म्हणाल्या. "अजून वरीस रव्हली असती तर अंडी घातली असती."

दुकानदार म्हणाला, "मावशी, आता असलाच माल येतो. मोठा येतच नाही."

"येतलो खयसून? मोठे ट्रॉलर येतत, दिवे लावन, बारीक जाळी घेवन. तळ खरवडून नेतत. आमच्या होड्यांका काय गावाचा?"

आईला निम्मंच कळलं, पण ती म्हणाली, "खरंय बाई. आदी हितं बोटाएवढं मिळायचं. आता मिठाच्या खड्यासारखं."

आप्पा परत फिरून आमच्या मागं येऊन उभे होते, ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी मावशींच्या तळहाताकडं पाहिलं. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदाच ते त्यांच्याशी सरळ बोलले.

"म्हंजे पाठीला करडू लागायच्या आतच कापली म्हणायची." पाठ म्हणजे अजून न व्यालेली शेळी.

"व्हय दादानू."

"आमच्यात गाभण शेळी कुणी कापत न्हाय. उपाशी ऱ्हाईल पर न्हाय कापणार."

"आमच्यात पण पूर्वी अंड्यावरचो मासो गावलो तर सोडीत. माजो सासरो सोडी." मावशींनी मासे परत ढिगावर ठेवले, एक एक करून. "आता सोडून काय उपेग? आमी सोडलाव तर तो ट्रॉलरवालो नेतलो."

आप्पांनी दोर घेतला. घराशी उतरताना म्हणाले, "सकाळी चला. डोंगरावर जाऊ."

आई दाराशीच थबकली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं.

*

सकाळी आम्ही चराशी पोचलो. तिथं आता फाटक आहे आणि एक छोटी चौकी. चौकीवर एक तरुण वनरक्षक होती, शेजारच्या गावचीच. तिनं आप्पांना ओळखलं नाही, आणि ओळखायचं कारणही नव्हतं. तिला कळायला लागायच्या आधीची गोष्ट. मी सांगितलं की पाहुणे आहेत, चालून येतो. तिनं वही पुढं केली, आप्पांनी अंगठा न देता सही केली, आणि आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबले. मग चालायला लागले. आम्ही मागून.

गवत कमरेला लागत होतं. वाळलेलं, पिवळं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. मोर ओरडले. आप्पा कुठंही न चुकता चढत होते, जणू काल इथून उतरले होते. वरच्या खडकाशी ते बसले. धाप लागली होती. तांडेल त्यांच्यापासून थोडा दूर उभा राहिला. मावशी त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"हितं माझा भाऊ बसायचा," आप्पा म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चर खणला तो दिवस, ओढ्याकाठ, बांधावरची भांडणं, कोंडवाडा, तात्यांनी खांद्यावरून आणलेल्या शेळ्या, ऊसतोड, ताप. यातलं बरंच मला ठाऊक होतं, पण एक ठाऊक नव्हतं. फडावर पोचले तेव्हा तात्या जिवंत होते. शुद्धीत होते. त्यांनी आप्पांना विचारलं होतं, डोंगर उघडला का? आणि आप्पांनी सांगितलं होतं, व्हय, उघडला, तू बरा हो, पुन्यांदा नेऊ. हे सांगताना आप्पांचा आवाज फिरला नाही. ते गवताकडं बघत होते.

मावशी रडल्या नाहीत, पण त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग त्यांनी विचारलं, "आता डोंगर कसो आसा? बरो झालो मां?"

"झाला की. खोटं कशाला बोलू? झाला." आप्पांनी खाली हात दाखवला. "त्यो ओढा बगा. आदी होळीलाच आटायचा. आता बैसाखापर्यंत पाणी ऱ्हातं. खालच्या शेतकऱ्यांच्या हिरी टिकतात. लांडगा आलाय परत, हरणं हायत. डोंगराचं बरं झालं. गावाचं बी झालं. आमचं न्हाय झालं. ज्यानं सोसलं त्याच्या पदरात काय आलं न्हाय. एवढंच हाय."

तांडेल पहिल्यांदा बोलला. "म्हणानच मी सांगतंय. आमी ऐकूचाच नाय. पयल्यापासून नाय म्हणाचा."

मावशींनी त्याला हातानं थांबवलं. "दादानू, तुमका आधी इचारल्यानी असता, तर तुमी होय म्हटला असतास?"

आप्पांनी एक काडी तोडली, दातात धरली, टाकून दिली.

"न्हाय. न्हायच म्हणलो असतो. पयल्यांदा कोण व्हय म्हणंल?" मग म्हणाले, "पर परत आले असते, परत इचारलं असतं, तर काय तरी झालं असतं. वरचं अंग बंद करा म्हणलो असतो, तिथलं पाणीच खाली उतरतं. खालचं अंग आमाला ठिवा, दसऱ्यानंतर. आमी मधी न्हवतोच शिरत पावसाळ्यात. आन् राखायला आमच्याच दोन माणसांला ठिवा. तात्याच ऱ्हायला असता की." ते उठले. "पर कुणी परत आलंच न्हाय ना. एकदा दवंडी दिली आन् गेले."

उतरताना तांडेल माझ्याशेजारून चालत होता. त्याला मी विचारलं, काय वाटलं? तो म्हणाला, "तुजो बापूस चांगलो माणूस. पण माजा मत बदलणा नाय." आणि खरंच त्याचं मत बदललं नाही.

*

पुढची सभा त्याच मंडपात झाली. या वेळी आमच्या प्रमुखांनी नकाशा लावला, पण आधी म्हणाले की आज आम्ही ऐकायला आलोय. मी कायद्यातली ती तरतूद वाचून दाखवली. समुद्राचा भाग अभयारण्य करताना तिथल्या मच्छीमारांच्या पोटापाण्याचं हित जपायचं असतं, असं कायदाच सांगतो. डोंगराच्या वेळी आमच्यापर्यंत असलं काही कुणी पोचवलं नव्हतं.

"वाक्य बरा आसा," मावशी म्हणाल्या. "पण ता पाळतलो कोण?"

मग त्या उभ्या राहिल्या. डोंगराची गोष्ट त्यांनी सांगितली. आप्पांचं नाव न घेता, थोडक्यात, पण कोंडवाड्यातून आणलेल्या शेळ्या गाळल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या की खडप बंद करूया, मासा अंडी घालतो ते महिने. किनारा मात्र नाही. किनाऱ्यावरून आम्ही रापण ओढतो, बायकामुलं सगळी मिळून जाळं ओढून आणतो, त्यातून बारीक मासा सुटून जातो, त्यानं समुद्राचं काही बिघडत नाही. आणि सगळ्यात आधी ट्रॉलर थांबवा. राखायला आमची होडी असेल, आमची माणसं असतील. हे लिहून घ्या, आणि परत या. लिहून नेलं आणि परत आला नाहीत तर आमची ना.

गाव दोन भागांत वाटलं गेलं. तांडेल सभेतून उठून गेला. त्या हंगामात त्यानं बहिणीच्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. मावशी फोनवर सगळं सांगायच्या, पण भावाचं आलं की विषय बदलायच्या.

आमचा अहवाल दिल्लीला गेला. त्यावर बैठक झाली, मला मागच्या रांगेत बसायला मिळालं. पडद्यावर देशाचा किनारा होता, आणि राखीव करायचा समुद्र निळ्याच्या गडद छटेत रंगवला होता. किती रंगवून झाला, किती राहिला, यावर बराच वेळ बोलणं झालं. मावशींच्या गावाचा पट्टा त्यात नखाएवढाही नव्हता. एका अधिकाऱ्यांनी विचारलं की या गावानं प्रस्ताव छोटा करायला का सांगितलंय? आमच्या प्रमुखांनी मला बोलायला सांगितलं. त्यांनी असं करायचं काही कारण नव्हतं.

मी उभी राहिले. कायद्याचं बोलायची तयारी केली होती. बोलले ते तात्यांबद्दल. फार नाही, चारच वाक्यं. म्हणाले की आमच्याकडं डोंगर वाचला, तो वाचायलाच हवा होता, पण तो वाचवताना जी माणसं बाहेर पडली ती परत डोंगराची झाली नाहीत. समुद्राला चर खणता येत नाही. तिथली माणसं तुमच्या बाजूची नसतील तर राखणार कोण?

अधिकाऱ्यांनी सौम्यपणे ऐकून घेतलं. लिहून घेतलं. मग पुढच्या राज्याचा किनारा पडद्यावर आला.

प्रस्ताव फेरविचारासाठी परत आला. आता त्यात फक्त खडप आहे, किनारा नाही, आणि गावाच्या देखरेखीचा मुद्दा आहे. अजून अधिसूचना निघालेली नाही. आम्ही त्या गावात पुन्हा गेलो, आणि पुन्हा. ते मात्र आम्ही चुकवलं नाही.

*

डोंगरावरून उतरल्यानंतर आप्पा बदलले असं म्हणणं सोपं होईल, पण तसं फार काही झालं नाही. एवढंच झालं की ते अधूनमधून चौकीवर जाऊन बसायला लागले. त्या वनरक्षक मुलीला सुरुवातीला त्यांचं काय करावं कळेना. मग ती चहा करायला लागली. तिनंच त्यांना सांगितलं की दिवाळीनंतर गवत कापून न्यायला परवानगी मिळते, फक्त जनावरं आत घालायची नाहीत. गावातल्या कुणाला ते नीट माहीत नव्हतं. दोन हिवाळे आप्पांनी विळ्यानं गवत कापून भारे आणले. आई ओरडायची, या वयात कशाला. ते म्हणायचे, "डोंगराचं गवत हाय. शेळ्यांला त्याची चव तर कळू दे."

गेल्या श्रावणात ते गेले. दुखणं मोठं नव्हतं, थकलेच होते. मी मावशींना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "येतंय." दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या, एकट्या, एवढा प्रवास करून, पावसात भिजलेल्या. आईला धरून त्या बसल्या. या खेपेला दोघी मोठ्यानं रडल्या.

दिवस झाल्यावर मी त्यांना सोडायला तुळजापूरपर्यंत गेले. त्यांना भवानीची ओटी भरायची होती. दर्शन झालं, आणि सोलापूरच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. मी बिचकत विचारलं, "खडपाचं कसं चाललंय?"

"ह्या वर्सा आमी थंय जाळी टाकली नाय. कोणी सांगितल्यान नाय, आमीच. सगळ्यांनी पाळला असा नाय. पण बऱ्याच जणांनी पाळला."

"मासा वाढला?"

"इतक्यात कसो वाढतलो गो? तुमच्या डोंगराक किती वर्सा लागली?" त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "ट्रॉलर इल्लो एकदा. आमच्या होडयेन हाकललो. पुढच्या खेपेक हाकलूक गावतलो काय, देव जाणे."

"होडीवर कोण होतं?"

त्यांनी ओटीतला नारळ पिशवीत नीट बसवला. "माजो भाऊस. अजून म्हणता सरकारची योजना नको म्हणान. कागदार सही करूचो नाय म्हणता. पण राखूक जाता."

गाडी लागली. सोलापूरच्या वाटेवर, तामलवाडीच्या बाजूनं ढग भरून आले होते. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली, त्यांना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि गाडी हलेपर्यंत तो तसाच होता.